कृष्णेचं खोरं : जोर ते वाई, नदीबरोबर खाली उतरत

कृष्णाकाठ

महाबळेश्वरला जाणारी गाडी सुरूर फाट्यावर वळते, वाईत चहाला थांबते आणि पसरणीचा घाट चढून वर जाते. वर गेल्यावर केट्स पॉइंटच्या कठड्याला टेकून लोक खाली बघतात. खाली निळं पाणी दिसतं, त्याच्या कडेनं हिरवी पट्टी दिसते, पलीकडे कमळगडाचा माथा दिसतो. फोटो निघतात आणि गाडी पुढच्या पॉइंटकडे जाते. हा धागा त्या खालच्या पट्टीसाठी काढतोय.

माझं बालपण वाईत गेलं, आता पुण्यात असतो. दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं, "वाईत बघण्यासारखं काय?" मी म्हणतो, वाई शेवटी बघा. आधी नदीच्या वरच्या टोकाला जा आणि तिच्याबरोबर खाली उतरा. मग वाईतलं देऊळ, घाट, वाडा, सगळं तिथंच का आहे ते आपोआप उमगतं.

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरला. पंचगंगेच्या देवळात गर्दी असते, तिथं दर्शन घ्या. पण तिथून थोडं चालत कृष्णाबाईच्या जुन्या दगडी देवळापर्यंत नक्की जा. गोमुखातून पाणी पडतं आणि समोर सगळं खोरं उघडं पडलेलं असतं. कृष्णा इथून जोरच्या बाजूला उतरते. जोर हे वाई तालुक्याचं अगदी पश्चिमेचं गाव, तिन्ही बाजूंनी डोंगर. जोरच्या खाली बलकवडीचं धरण, त्याच्या खाली धोमचं, मग धोम गाव, मेणवली आणि वाई. उत्तरेला रायरेश्वर, केंजळगड, मांढरदेव अशी डोंगररांग, दक्षिणेला पाचगणीचं पठार. मधे कमळगडाची सोंड घुसलेली आहे. तिच्या एका अंगाला कृष्णा वाहते, दुसऱ्या अंगाला वाळकी नदीचं छोटं खोरं आहे. जांभळी, वासोळे ही गावं त्या बाजूची.

या खोऱ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांना एकदम दिसत नाही. ती आहे पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईत येईपर्यंत तो हजाराच्याही खाली येतो. एवढ्याशा अंतरात जंगल बदलतं, पीक बदलतं, घराचं छप्पर बदलतं, ताटातली भाकरी बदलते. जोर-जांभळीकडे भात, नाचणी, वरी. धोमच्या खाली हळद, ऊस, गहू. नदी एकच आणि माणसंही एकमेकांच्या सोयरिकीतली, पण वरच्या गावाला जूनमध्ये काळजी असते ती पाऊस कधी थांबेल याची आणि वाईच्या पूर्वेकडच्या गावाला तो कधी येईल याची.

वाईबद्दल थोडं. ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत असतो. रास्त्यांनी ते देऊळ १७६२ साली बांधलं. मूर्ती एका अखंड दगडातली. बहुतेक लोक समोरून दर्शन घेऊन परततात. माझी विनंती आहे, देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. ज्यांनी हे बांधलं त्यांना नदी घाटावर चढणार हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी देव नदीतच बसवायचा होता. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं, तेही रास्त्यांचंच. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. वाईत अठराव्या शतकात इतका दगड कसा घडवला गेला याचं बरंचसं उत्तर त्या नात्यात आहे.

आणि हीच वाई मराठी विश्वकोशाची. केवलानंद सरस्वतींनी इथं प्राज्ञपाठशाळा चालवली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथंच घडले, विनोबांनीही गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथं येऊन अध्ययन केलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. मुंबई-पुण्यात न बसता एका तालुक्याच्या गावात बसून मराठीतलं सगळ्यात मोठं ज्ञानकार्य उभं राहिलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

ज्यांना या खोऱ्याची माहिती आहे त्यांनी भर घाला. गडांवर मी फार लिहिलेलं नाही, ते इथल्या भटक्यांवर सोडतो.

रानवाटा

वाचनखूण साठवली. गडांचं मी घेतो.

कमळगडाला दोन्हीकडून वाट आहे, नांदगण्याहून आणि वासोळ्याहून. मी नेहमी नांदगण्याची धरतो. चढ दमवणारा आहे पण बराचसा जंगलातून जातो. माचीवर गोरक्षनाथाचं देऊळ लागतं, पुढं धनगरांची घरं. तिथून परत झाडीत शिरून माथ्यावर. गडावर तट-बुरूज जवळपास नाहीत, दरवाजाही नाही. बघायची ती कावेची विहीर. कातळात खोल उभी चीर पाडून आत पायऱ्या खोदल्यात. खाली उतरावं तसा उजेड कमी होतो, गारवा वाढतो आणि भिंती लाल होत जातात. तळाशी हाताला गेरू लागतो. बाहेर उन्हाचा कडाका असला तरी आत थंडगार. विजेरी न्या, एकटे उतरू नका.

माथ्यावरून एका बाजूला धोमचं पाणी, दुसऱ्या बाजूला बलकवडीचं. कृष्णाकाठ यांनी खोऱ्याची जी मांडणी सांगितली ती इथं उभं राहिल्यावर एका नजरेत कळते.

केंजळगडाला खावलीच्या बाजूनं जा. कड्यात खोदलेल्या पायऱ्यांचा सलग जिना आहे, पन्नासच्या वर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी चांगली ऐसपैस. वर चुन्याची भट्टी आहे. १६७४ साली, राज्याभिषेकाच्या थोडं आधी, शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. शेजारीच रायरेश्वर. १६४५ च्या शपथेची परंपरा ज्या देवळाशी जोडलेली आहे ते इथलं. पठारावर जंगम मंडळींची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच देवळाचं बघतात. सप्टेंबरात सोनकीनं पठार पिवळं होतं. पांडवगड, वैराटगड त्या मानानं सोपे. दोन्ही शिलाहार भोज राजाच्या काळातले मानतात.

कातळ

भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

जगभर दख्खनच्या लाव्हाचा अभ्यास करणारे लोक वाईचं नाव घेतात हे किती वाईकरांना माहीत आहे कोण जाणे. दख्खनच्या बेसाल्टचे थर लावताना वरच्या भागाला जे नाव दिलंय ते 'वाई उपसमूह'. त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे थर येतात, खालून वर या क्रमानं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ.

पसरणीच्या घाटातून चढताना खिडकीतून बघा. कापलेल्या डोंगरात काळ्या कातळाचे आडवे पट्टे आहेत आणि मधेमधे लालसर मातीचा पातळ थर. एक लाव्हा निवला, त्याच्यावर ऊन-पाऊस खाऊन माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत त्या लाल रेघेत आहे. याच डोंगरात वर जाताना कातळात गोठलेलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलट्याचं सुलट झालेलं सापडतं. लाव्हाचं वय ठरवताना या खुणेचा फार उपयोग झाला.

पाचगणीचा टेबललँड सपाट का, तर त्याच्या डोक्यावर जांभ्याचं टोपण आहे. बेसाल्ट लाखो वर्षं पावसात कुजून त्याचा जांभा झाला. टोपण टिकलं तिथं पठार राहिलं, ते फुटलं तिथं नदीनं खालचा कातळ कापून खोरं केलं. पठारावर पाणी मुरतं आणि कड्याच्या पोटात झरे फुटतात. वाड्या त्या झऱ्यांच्या रेषेवर वसलेल्या दिसतील, नकाशा काढून पडताळा.

जोरची_लेक

माझं माहेर त्या वरच्या अंगाचं. गाव सांगत नाही, पण जोरच्या आसपासचं समजा. इतक्या आपुलकीनं कुणी आमच्या भागाबद्दल लिहिलं, बरं वाटलं.

पावसाचं लिहिलंत ते खरं आहे, पण तो पाऊस घरात कसा शिरतो ते मी सांगते. मृगाच्या आधी भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधायच्या, नाहीतर मातीची भिंत आठ दिवसांत फुगते. सरपण, मीठ, चटणी, गुरांची वैरण, सगळं आत. उन्हाळ्यात राब भाजलेला असतो, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा केलेली असते, त्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायचा आणि पाऊस धरला की चिखलणी करून लावणी. आई इरलं डोक्यावर घेऊन दिवस दिवस वाकलेली असायची. श्रावणापर्यंत कपडे चुलीवरच्या दांडीवरच वाळायचे, सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास. इंद्रायणी तांदूळ आता वाईच्या बाजारात मिळतो, लोक वासावरून ओळखून घेतात. तो आमच्या खाचरांतला असतो हे घेणाऱ्याच्या डोक्यात येत नाही.

डोंगरातून क्षेत्र महाबळेश्वरला चढणारी जुनी पायवाट आहे. आमची जुनी माणसं दूध, तूप, हिरडे डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं वर विकायला जायची आणि मीठ-मिरची, कापड घेऊन संध्याकाळच्या आत परतायची. आता ट्रेकची मुलं त्या वाटेनं चढतात. चढावं, चांगलं आहे. फक्त पावसाळ्यात वाटाड्या घेतल्याशिवाय चढू नका.

२०२१ च्या जुलैत काय झालं ते इथं लिहायला हवं. महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पडला. कोंढावळ्याच्या देवरुखकरवाडीवर दरड आली, माणसं गेली. जोरचा रस्ता तुटला, शेतं दगडगोट्यांखाली गेली. खाचर म्हणजे बांध घालून, माती धरून पिढ्यांनी केलेली जमीन. एका रात्रीत गेलेली खाचरं पुन्हा उभी करायला किती वर्षं लागतात हे आमच्याकडे येऊन बघा. तुम्ही फिरायला याल तेव्हा ओढ्याच्या कडेला मोठमोठे दगड पसरलेले दिसतील. त्यांच्या खाली शेतं आहेत.

कृष्णाकाठ

ताई, हे तुम्ही लिहिलंत त्यासाठीच धागा काढला असं समजा. मृगाआधीच्या तयारीवर वेगळा धागा काढाल का?

मोडीवाचक

मेणवलीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथं लोक घाटावर फोटो काढतात आणि वाडा बाहेरूनच बघून निघून जातात.

नाना फडणवीसांचा हा वाडा. मेणवली गाव नानांना १७६८ साली मिळालं, मग त्यांनी वाडा, घाट आणि देवळं बांधली. वाड्याला एकामागे एक सहा चौक आहेत. पुढचे चौक कारभाराचे, आतले घरचे. काही खोल्यांतून भिंतींवर चित्रं आहेत. रंग अजून तग धरून आहेत. माझं काम मोडीचं, म्हणून मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती इथल्या कागदांची. नानांनी हिशेब, पत्रं, बातम्या, सगळं जपून ठेवलं होतं. इतिहास-संग्राहक द. ब. पारसनीस यांनी हे कागद मिळवले आणि पुढं ते पुण्याला अभ्यासकांच्या हाती आले. 'मेणवली दप्तर' नसतं तर उत्तर पेशवाईचं आपलं ज्ञान फार तोकडं राहिलं असतं. पुण्यात शनिवारवाडा जळाला, नानांचे वारस पांगले, आणि राज्यकारभाराची आठवण टिकली ती नदीकाठच्या या खेड्यातल्या वाड्यात. नानांच्या पत्नी जिऊबाई पेशवाई बुडाल्यावरही इथंच राहिल्या.

घाट चंद्रकोरीसारखा वळवलेला आहे. घाटावर मेणेश्वर आणि विष्णू यांची देवळं, आणि शेजारी छोट्या मंडपात टांगलेली मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. उजेड तिरपा असताना, सकाळी किंवा उतरत्या उन्हात, आकृती स्पष्ट दिसते. वाडा खासगी मालकीचा आहे, परवानगी विचारूनच आत जा.

धोमलाही थांबा. महादेवाच्या देवळासमोर दगडात कोरलेलं कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरलं की नंदी कासवावर तरंगतोय असं वाटतं. मी महाराष्ट्रात पुष्कळ देवळं पाहिली, इतकी देखणी कल्पना फार थोड्या ठिकाणी आढळली.

मधली_आळी

वाईतलीच आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. मेणवलीच्या आणि गणपती आळीच्या घाटावर हल्ली सकाळपासून लग्नाआधीच्या फोटोंचे ताफे असतात. धुराच्या कांड्या पेटवतात, पायऱ्यांवर रंग सांडतात, बायका धुणं धूत असतात त्यांना बाजूला व्हायला सांगतात. सिनेमांमुळे घाट प्रसिद्ध झाला, गावाला दोन पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाटाचा वापर करणाऱ्या माणसाला 'फ्रेममधून' उठवायचं, हे सहन होत नाही. घाट आमचा रोजचा आहे.

घाट खरा बघायचा तर कृष्णाबाईच्या उत्सवात या. वाईत सात घाट, प्रत्येक आळीचा आपापला. थंडीच्या शेवटाला एकेका घाटावर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव बसतो. आळीतली माणसं मांडव घालतात, कीर्तन होतं, गाणं होतं, महाप्रसादाला पंगती उठतात. नदीला देवी मानून तिच्याच काठावर तिचा उत्सव. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका नदीचा उल्लेख 'कृष्णाबाई' असाच करायच्या, नुसतं 'नदी' कधी म्हणाल्या नाहीत. अफजलखान १६५९ ला वाईत तळ देऊन बसला होता, त्या संकटातून गाव वाचलं म्हणून उत्सव सुरू झाला असं जुनी मंडळी सांगतात.

आणि याच नदीत आज गावाचं सांडपाणी मिसळतं, उन्हाळ्यात पात्रात हिरवा थर धरतो. उत्सवाइतकीच कळकळ त्यासाठी दिसली पाहिजे. दर रविवारी काही तरुण घाट झाडतात, त्यांना हात लावा.

बेझवाडेकर

नोकरीनिमित्त विजयवाड्यात आहे. घराच्या गच्चीवरून प्रकाशम बॅरेज दिसतं. पुष्करात, म्हणजे दर बारा वर्षांनी येणाऱ्या नदीस्नानाच्या पर्वात, इथल्या घाटांवर लाखो लोक कृष्णेत उतरतात, तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगतो की ही आमच्या सातारा जिल्ह्यातून आली. चौदाशे किलोमीटर वाहून हंसलदीवीला समुद्राला मिळते. इथले लोक महाबळेश्वरला उगमाच्या दर्शनाला येतात, पण खाली वाईत उतरत नाहीत. पुढच्या वेळी चार जणांना वाईमार्गे पाठवतो.

धोमकाठ

आमचं मूळ घर धोम धरणाच्या पाण्यात आहे. सत्तरच्या दशकात धरण झालं तेव्हा आजोबांनी गाव सोडलं. त्यामुळे निळ्या पाण्याचे फोटो बघताना माझ्या मनात वेगळंच येतं, आणि ते या धाग्यावर कुणी तरी लिहायला हवं.

धोम साडेतेरा टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). त्याच्यावर पुढं बलकवडी झालं, चार टीएमसीच्या आसपास. धोमच्या पाण्यावर सातारा-कोरेगावकडची शेती उभी राहिली, बलकवडीचं पाणी कालव्यानं पार खंडाळा-फलटणपर्यंत गेलं. दुष्काळी भागात पाणी पोचलं, ही मोठी गोष्ट आहे आणि आजोबांनीही ती कधी नाकारली नाही. ते म्हणायचे, "फलटणच्या शेतात पाणी खळखळतंय ते आपल्या अंगणावरनं गेलंय." पण नदीकाठची काळी जमीन गेली आणि बदल्यात मिळालेल्या जमिनीवर पाणी यायला आमच्या घराची एक पिढी खपली. धरणाच्या डोक्यावरची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे चित्र या खोऱ्यात आजही आहे.

मे महिन्यात पाणी उतरलं की जुने बांध, जोती वर येतात. आजी तिथं जाऊन ओटी भरून यायची. तुम्ही तिथं गेलात तर उघड्या पडलेल्या चौथऱ्यांवर दारूच्या बाटल्या फोडू नका. कुणाची तरी ती देवघराची जागा असते.

रानवाटा

धोमकाठ, तुमचं लिहिणं वाचून कमळगडावरून दिसणाऱ्या पाण्याकडे पुन्हा वेगळ्या नजरेनं बघेन. धन्यवाद.

पाखरू

निसर्गाबद्दल फक्त कडेकडेनं आलंय, म्हणून लिहितेय.

जोरच्या वरचं आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरचं रान सदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, पिसा ही त्याची मुख्य झाडं. उंची बेताची, कारण वारा आणि पातळ माती, पण छत्र इतकं दाट की दुपारीही आत सावळं असतं. खोडांवर शेवाळ, ऑर्किड. शेकरू इथं हमखास दिसतं. डोळ्यांनी शोधण्याआधी कानांनी शोधा, त्याचा खडखडाट लांबून ऐकू येतो. पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ. पहाटे ऐकली की माणूस गाणं शिकत असेल असंच वाटतं. स्वर्गीय नर्तक वाईच्या आमराईतही येतो.

कारवी दर सात-आठ वर्षांनी एकदम फुलते. अख्खा उतार जांभळा होतो, मधमाश्या वेड्या होतात, पुढं कारवीचा मध मिळतो आणि मग ती झुडपं वाळून जातात. गावाकडे त्याच वाळलेल्या कारवीच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती विणतात. महाबळेश्वरच्या पलीकडच्या अंगाला मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथं हे सगळं नीट समजावून सांगतात.

२००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वरच्या पठारावर बांधकामाला आळा बसला, तसा आता डोळा खालच्या उतारांवर आहे. धोमच्या पाण्याच्या कडेनं उतार कापून बंगल्यांसाठी सपाट्या केलेल्या दिसतात. कातळ यांनी झऱ्यांची रेषा सांगितली ना, ती कापली की खालच्या वाडीचं पाणी जातं आणि पावसाळ्यात तोच उतार घसरतो. फार्महाऊससाठी जागा शोधणाऱ्या मित्रांनी एवढं तरी विचारावं, की इथला झरा कुणाच्या घरी जातो.

ढोल_लेझीम

बावधनचं बगाड राहिलं की! वाईजवळच आमचं बावधन. रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. होळी पौर्णिमेला देवळात कौल लावतात, ज्याला कौल मिळेल तो बगाड्या. ज्याचा नवस फेडायचा असतो असे अनेक जण कौलाला बसतात. बगाड्या उपास धरतो, देवळातच राहतो. लाकडी चाकांचा प्रचंड गाडा, त्यावर उंच शीड, त्या शिडाला बगाड्याला टांगतात आणि कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत शेतांतून गाडा ओढत नेतात. ओढायला खिल्लारी बैल, टप्प्याटप्प्यानं जोड्या बदलत. सुतार, लोहार, दोर वळणारे, प्रत्येकाचं काम ठरलेलं. ज्यांचं घर जगात कुठंही असो, त्या दिवशी बावधनकर गावात असतो.

बघायला या, पण गाड्याच्या जवळ जाऊ नका. बैल आणि गर्दी एकत्र असते, गावकरी दोरीच्या आत कुणाला सोडत नाहीत ते उगाच नाही.

आणि पसरणी! शाहीर साबळ्यांचं गाव. १९२३ साली ते तिथं जन्मले. घाट चढायच्या आधी गावात जरा थांबून जा.

मुक्काम_पोस्ट

सुंदर धागा. एक व्यावहारिक प्रश्न. आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे, वडिलांचे गुडघे दुखतात. गड जमणार नाहीत. दोन दिवसांत काय बघावं? आणि जोरपर्यंत गाडी नीट जाते का?

जोरची_लेक

दादा, दिवाळीनंतर आणा त्यांना. भाताची कापणी झालेली असते, झोडणी चालू असते, खळ्यावर माणसं असतात. वडिलांना बसायला कुणीही घोंगडं देईल. पावसाळ्यात आणू नका, रस्त्याचा भरवसा नसतो.

बाकी सगळ्यांना एक सांगायचंय. आमच्याकडे हॉटेलं नाहीत. घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. तांदळाची भाकरी, पिठलं, नाचणीची आंबील, रानभाजी असेल ती. पैसे ठरवून द्या, 'प्रेमाचं जेवण' म्हणून फुकट खाऊन जाऊ नका. आमच्या मुली-सुना त्यावर वर्षाचा शाळेचा खर्च काढतात. गाडीतून घरं, माणसं यांचे फोटो काढण्याआधी उतरून दोन शब्द बोला.

चाकोरीबाहेर

थोडा विरोधी सूर लावतो. असे धागे वाचून गर्दी होते. कासच्या फुलांच्या पठाराचं काय झालं ते आपण बघितलं. २०१२ ला जागतिक वारसा यादीत नाव गेलं आणि पुढं कुंपण, तिकीट, वाहनांच्या रांगा. जोर-जांभळी माहीत नसणं हेच त्यांचं संरक्षण आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गावांची नावं न लिहिता धागा ठेवता आला नसता का?

जोरची_लेक

तुमची काळजी कळते. पण न येणाऱ्यांमुळे आमचं काही वाचलेलं नाही. २०२१ ला रस्ता तुटला तेव्हा आमच्या गावांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे मदत उशिरा पोचली. तरणी पोरं मुंबईला माथाडीत आणि पुण्याला कंपनीत आहेत. गावात म्हातारी राहिलीत. चार माणसं नीट वागून आली, तांदूळ विकत घेतला, मुलांना वाटाड्याचं काम मिळालं तर एखादा मुलगा तरी मागे राहील. जमीन विकत घ्यायला येणाऱ्यांपासून आम्हाला वाचवा, बघायला येणाऱ्यांना येऊ द्या.

पाखरू

ताईंशी सहमत. कासला एकाच जागी, एकाच महिन्यात सगळे जातात. हे खोरं बारा महिने वेगवेगळ्या ठिकाणी बघण्यासारखं आहे, गर्दी वाटली जाऊ शकते. मात्र मोठ्या गटांनी जंगलात शिरू नये.

कृष्णाकाठ

चाकोरीबाहेर, तुमचा मुद्दा मनात ठेवूनच मी नकाशे आणि मुक्कामाचे पत्ते दिलेले नाहीत. पण ज्या गावांनी नदी सांभाळली त्यांची नावं झाकून त्यांच्या नदीबद्दल लिहिणं मला पटत नाही. धोमकाठ आणि जोरची_लेक यांनी जे लिहिलं ते नावांशिवाय लिहिताच आलं नसतं.

मुक्काम_पोस्ट, तुमच्या आई-वडिलांसाठी असं करा. पहिल्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वर, कृष्णाबाईचं देऊळ, मग केट्स पॉइंटवरून खोरं नीट ओळखून घ्या: कमळगड कुठला, बलकवडी कुठलं, धोम कुठलं. उतरताना भिलारला थांबा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत बसून वाचता येतं आणि वडिलांच्या गुडघ्यांना विश्रांती मिळेल. मुक्काम वाईत. दुसऱ्या दिवशी लवकर मेणवली, ऊन चढायच्या आत. वाईपासून तीनेक किलोमीटरच आहे. घाटाच्या पायऱ्या उतरणं जमलं नाही तर घंटेच्या मंडपाजवळ बसून सगळं दिसतं. तिथून धोम, नंदीचं कुंड, मग धरणाच्या कडेच्या रस्त्यानं बलकवडीच्या दिशेनं जमेल तितकं जा. कोरड्या दिवसांत छोटी गाडी जोरपर्यंत जाते, रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर मागे घ्यावी लागते. दुपारी परत येऊन ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर.

वेळ उरला तर लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी. वाईच्या अगदी जवळ आहेत आणि जवळपास कुणी जात नाही. मुळात बौद्ध लेणी, आतल्या स्तूपाची आज शिवलिंग म्हणून पूजा होते. घाट-वाडे अडीचशे वर्षांचे, पण या खोऱ्यातून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर माणसांची ये-जा त्याच्या किती तरी आधीपासूनची, हे तिथं कळतं.

तांदूळ घ्यायचा असेल तर वाईच्या सोमवारच्या बाजाराची वाट बघू नका, वरच्या गावात घरीच विचारा. जोरची_लेक, कुणाला व्यक्तिगत निरोप पाठवायचा असेल तर चालेल का, तेवढं कळवा.

जोरची_लेक

चालेल. तांदूळ डिसेंबरपासून मिळेल, किती किलो हवा ते आधी कळवा म्हणजे आई भरडून ठेवेल. हातसडीचा हवा असेल तर आठ दिवस आधी सांगा.